टिपची सरकपट्टी: लोकवर्गणीच्या संकेतस्थळाचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात एका ज्येष्ठ वाचक बाईंचा निरोप आला. आमच्या मोहिमेला त्यांनी शंभराची देणगी दिली होती, खात्यातून मात्र एकशे पंधरा गेले होते. "वरचे पंधराही मुलांनाच मिळाले ना?" एवढेच त्यांनी विचारले होते. ते मुलांना मिळाले नव्हते, आणि आठ महिन्यांत असा हा चौथा निरोप असल्यामुळे हे लिहिणे मला टाळता आले नाही.

आम्ही चौघी ब्लॉगलेखिका आहोत: एक पाककृतींवर लिहिते, एक विणकामावर, एक पालकत्वावर आणि मी पुस्तकांवर. अंध विद्यार्थ्यांसाठी श्राव्य पुस्तके तयार करणाऱ्या एका संस्थेसाठी आम्ही ही मोहीम उघडली. उद्दिष्ट मुद्दाम लहान आणि नेमके ठेवले, कारण 2012 मध्ये स्कॉटलंडमधील एका नऊ वर्षांच्या मुलीने शाळेतील जेवणाच्या ब्लॉगवरून केलेले आवाहन आमच्या डोळ्यांसमोर होते. शाळेच्या एका स्वयंपाकघरासाठी तिने सात हजार पौंडांचे उद्दिष्ट ठेवले होते आणि लोकांनी ते एक लाखाच्याही पुढे नेले. आपला पैसा कशाचे रूप घेणार, हे समोर दिसले की वाचक हात आखडता घेत नाहीत.

मोहीम उघडणे, पैसे जमा होणे, पावत्या मिळणे यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती रक्कम भरल्यानंतर खाली दिसणाऱ्या टिपच्या, म्हणजे संकेतस्थळाला द्यायच्या वरच्या रकमेच्या, सरकपट्टीबद्दल. ती आधीच पंधरा टक्क्यांवर ठेवलेली असते आणि शून्याचा पर्याय 'इतर' उघडल्याशिवाय सापडत नाही. संकेतस्थळ चालवायला खर्च येतो, हे मला मान्य आहे. परंतु पहिल्याच पानावर 'शून्य शुल्क' असे ठळकपणे लिहायचे आणि देणाऱ्याच्या नजरचुकीतून तोच पैसा काढायचा, हे मला पटत नाही. फेसबुकने 2017 च्या अखेरीस धर्मादाय संस्थांच्या देणग्यांवरील शुल्क बंद केले. अर्थात त्यांची कमाई जाहिरातींची आहे, हे फरक करताना लक्षात घ्यायला हवे. तरीही, हवी असल्यास टिप विचारून घ्यावी. वाचक पैसे देतात ते संकेतस्थळाकडे पाहून नव्हे, तर आमच्या कित्येक वर्षांच्या लेखनावरील विश्वासाने, आणि त्यामुळे जाब आम्हालाच द्यावा लागतो.

तिसऱ्या महिन्यात मी या सेवेविरुद्ध अत्यंत कडक शब्दांत लिहून ठेवले होते. दोन तक्रारींना शब्दशः एकच उत्तर आले होते. तिसऱ्या वेळी मात्र एका कर्मचारी बाईंनी स्वतः फोन केला, पहिल्या वाचकाची टिप परत मिळवून दिली आणि पट्टी बदलणे त्यांच्या हातात नसल्याचे सरळ सांगितले. त्या प्रामाणिकपणामुळे माझे मत थोडे निवळले. पुढे दरमहा देणगीची सोय आम्ही वापरली, तेव्हा ते आणखी बदलले: थोडी थोडी रक्कम नियमाने देणाऱ्यांमुळे संस्थेला पुढच्या महिन्यांचे ध्वनिमुद्रण आधीच ठरवता येऊ लागले. यांतील बहुतेक जण ब्लॉगवरील लेख वाचून आले होते; चोवीस तासांत नाहीशा होणाऱ्या स्टोरीमुळे देणग्या लगेच येत, पण त्या पुन्हा क्वचितच येत.

एक चूक मात्र पूर्णपणे आमची होती. आमची सगळी आवाहने चित्रात लिहिलेली असत, आणि एका अंध श्रोत्याने कळवले की पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे त्यांचे स्क्रीन रीडर तिथे फक्त 'चित्र' एवढेच वाचते. ज्यांच्यासाठी मदत मागत होतो, त्यांनाच आमचा मजकूर वाचता येत नव्हता, याचे मला फार वाईट वाटले. चित्राचे वर्णन लिहिण्याची सोय इन्स्टाग्रामवर 2018 पासून आहे. आता आम्ही प्रत्येक चित्राखाली ते लिहितो.

टिप शून्य कशी करावी, हे सांगणारे चित्रही वर्णनासह प्रत्येक आवाहनाला जोडतो. तरीही चौथा निरोप आलाच, म्हणून पुढची मोहीम संस्थेच्या स्वतःच्या देणगी पानावरून चालवायची, असे आम्ही ठरवले आहे. दरमहाचे देणगीदार तूर्त इथेच राहतील. त्या बाईंचे पंधरा अजून परत आलेले नाहीत. आज सकाळी पुन्हा पत्र पाठवले आहे.