सेल्फ कधी घेतो, कधी नाही: स्कॅनर घ्यावा की टेस्ट लॅम्प?

गाडी रोज बंद पडली असती तर बरं झालं असतं, असं त्या दोन महिन्यांत मी कितीदा म्हटलं असेन! दहा वेळा किल्ली फिरवली की नऊ वेळा मुकाट्याने चालू. दहाव्यांदा डॅशबोर्डचे दिवे झगझगीत आणि सेल्फ गप्प. टकटक नाही की घरघर नाही. ऑटोमॅटिक असल्यामुळे धक्कास्टार्टचीही सोय नाही. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवत होती, टर्मिनलं घासून झाली होती. पुढे काय घ्यावं, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोष फोनवर दाखवणारा ओबीडीचा ब्लूटूथ स्कॅनर, की वायरीत करंट येतोय का ते बल्ब पेटवून सांगणारा साधा टेस्ट लॅम्प? मी दोन्ही घेतले, आधी स्कॅनर.

स्कॅनर वाईट नाही, हे आधीच सांगतो. गिअरचा दांडा ‘पी’मध्ये (पार्क) असताना लाइव्ह डेटात खरंच ‘पी’ दिसतंय का, हे बसल्या जागी कळतं. दांडा कुठे आहे ते सांगणाऱ्या गिअरबॉक्सवरच्या रेंज सेन्सरचा सिग्नल कॉम्प्युटरकडे जात असेल, तर पी ०७०५ सारखा कोड, म्हणजे दोषाचा क्रमांक, सापडू शकतो. सेल्फच्या रिलेसाठी, म्हणजे किल्ली फिरवल्यावर सेल्फकडे करंट सोडणाऱ्या स्विचसाठी, पी ०६१५ आहे. बटण-स्टार्ट गाडीत ब्रेकचा स्विच दाबला गेला की नाही हेही बरेचदा दिसतं. हात काळे होत नाहीत, हा फायदा मी कमी लेखणार नाही.

पण माझा स्कॅनर फोनशी जुळायला अर्धा मिनिट घ्यायचा. गाडी अडली की मी फोन काढायचो, ते निळं चक्र फिरत राहायचं, मागून मुलगा म्हणायचा, “बाबा, परत फिरव ना किल्ली.” मी फिरवायचो आणि सेल्फ टचकन घ्यायचा! मग पडद्यावर यायचं: एकही कोड नाही. हे पाच-सहा वेळा झालं. दोष पळून गेल्यावर पंचनामा करून काय मिळणार? शिवाय माझ्या गाडीत सेल्फच्या रिलेची बारीक वायर थेट गिअरबॉक्सवरच्या स्विचमधून जाते (दांडा ‘पी’ किंवा ‘एन’, म्हणजे न्यूट्रलमध्ये असेल तरच तो सेल्फ घेऊ देतो), त्या वाटेवर कॉम्प्युटरची नजरच नाही. तो बिचारा कोड देणार कुठून? तुमच्या गाडीची वायरिंग वेगळी असू शकते, तेव्हा माझा राग थोडा कमी करून वाचा.

टेस्ट लॅम्प मात्र पाळतीवर बसवता येतो. सेल्फच्या सोलेनॉइडवर, म्हणजे मोटरला जोडून असलेल्या विद्युतचुंबकी स्विचवर, जाड केबलशेजारी एक बारीक वायर येते. बॅटरीची निगेटिव्ह काढून मी तिथून एक लांब वायर घेतली, सुरुवातीलाच १ अँपिअरचा फ्यूज टाकला, पंखा आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवत ती बोनेटच्या कडेने दाराच्या रबरामधून आत आणली. टोकाला ३ वॅटचा बल्ब, बल्बची दुसरी वायर बॉडीला अर्थ. किल्ली फिरवली की बल्ब पेटायचा. आता गाडी अडेल तेव्हा उत्तर समोरच. बल्ब पेटला आणि सेल्फ गप्प, तर दोष सोलेनॉइड, मोटर किंवा जाड केबलींत. बल्बच पेटला नाही, तर रिले, किल्लीचा स्विच नाहीतर गिअरचा स्विच.

तिसऱ्या दिवशी गाडी अडली. बल्ब काळा. किल्ली तशीच धरून, ब्रेकवर पाय दाबून दांडा ‘पी’मध्येच जरासा हलवला. बल्ब लुकलुकला, सेल्फ फिरला. नंतर परत अडली तेव्हा ‘एन’मध्ये नेऊन पाहिलं, लगेच चालू. गिअरचा स्विच! तो बदलल्यापासून गाडी अडलेली नाही.

मग मल्टिमीटर का नाही, असं कुणी विचारेल. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे सांधा गंजून करंटची वाट जवळजवळ बंद झाली असली तरी तो खुशाल १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब करंट ओढतो, म्हणून तिथे बऱ्याचदा मंद पेटून चहाडी करतो. मात्र सेल्फ घरघरत, जड फिरत असेल तर मीटरच हवा: सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर ती केबल संशयित.

तुमची गाडी बटण-स्टार्ट असेल, इंजिन इतकं दाटीवाटीचं असेल की सेल्फपर्यंत हातच जात नाही, तर सुरुवात स्कॅनरने करा. नाहीतर मी आधी टेस्ट लॅम्प घेईन. फक्त एक पथ्य: पिवळ्या वेष्टनातल्या एअरबॅगच्या वायरींना आणि कॉम्प्युटरच्या कनेक्टरांना तो टोचायचा नाही.