जुना लॅपटॉप: विंडोज १० रेटायचं की मिंट टाकायचं?

माझा लॅपटॉप २०१५चा, पाचव्या पिढीचा आय-३. विंडोज ११ला तो चालत नाही, आणि विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले. नवा घ्यायची ऐपत आत्ता नाही, म्हणून विंडोज १०वर राहणं आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं, दोन्ही करून पाहिलं.

आधी विंडोज १०वरच राहिलो. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून नोंदणी केली की सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. डिफेंडरला, म्हणजे विंडोजमधल्या अँटिव्हायरसला, नव्या व्हायरसची ओळख तर २०२८पर्यंत मिळणार आहे. पण त्यानं विंडोजमधली भोकं बुजत नाहीत. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा त्यावरचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारा अपडेट, मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते अडकले. मुदत संपल्यावर आपल्याला टाकायला पॅचच नसेल.

तरी मी एखादं वर्ष रेटलं असतं. वैताग आणला तो पेन ड्राइव्हनं. मुलीचा प्रोजेक्ट छापायला नागपुरात सीताबर्डीवर झेरॉक्सच्या दुकानात जायचं, आणि परत आलं की व्हायरसनं सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट केलेले. खरे फोल्डर लपलेले. दुकानदार म्हणतो, "काही होत नाही जी, स्कॅन मारून घ्या." मी स्कॅन मारायचो, मग काळ्या खिडकीत कमांड टाकून फायली बाहेर काढायचो. पण घरातलं कोणीतरी आधीच त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करून व्हायरस लॅपटॉपवर घेऊन बसलेलं असायचं. असं तीनदा झालं.

मग मिंट टाकलं आणि तोच पेन ड्राइव्ह त्यात लावला. शॉर्टकट नुसते पडून होते, आणि लपलेले फोल्डर शेजारीच दिसत होते. शॉर्टकट पुसले, काम संपलं. लिनक्सवर व्हायरस येतच नाही असं मी म्हणणार नाही, पण झेरॉक्सच्या दुकानातला अजून आलेला नाही.

मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट आहेत. चार जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई ही मिंटची हलकी आवृत्ती घ्या. फायरवॉल मुळात बंद असते, ती चालू करा. कागद स्कॅन करायच्या मशीननं मिंटवर माझी एक दुपार खाल्ली, हेही सांगून ठेवतो.

हिशेबाच्या टॅलीवर किंवा मराठी टायपिंगच्या श्रीलिपीवर पोट असेल तर मात्र विंडोज काढू नका. मुदतीनंतर त्या मशीनचं इंटरनेट तोडा आणि बँकेचं काम दुसरीकडे करा. बाकीच्यांनी मिंट आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहावं. डिस्कला हात लागत नाही.

आमच्याकडे आता एकच तक्रार उरली आहे. बायको अजून विचारते, सी ड्राइव्ह कुठे गेला?