जुना कॉम्प्युटर, फ्री डिश आणि टीव्हीचं रेकॉर्डिंग: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात आमच्या जुन्या डेस्कटॉपला टीव्ही ट्यूनर (टीव्हीचा सिग्नल कॉम्प्युटरला देणारं यंत्र) जोडला. बघायला हॉलमध्ये टीव्ही होताच, मला हवं होतं रेकॉर्डिंग. सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या आज्जीला लागतातच, आणि नेमकी तीच तिची हरिपाठाची वेळ. बाबा दुकान बंद करून घरी येतात साडेनऊला. डीटीएचच्या बॉक्सला पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करता येतं, पण ते कुलूपबंद असतं. त्याच बॉक्सवर चालतं, बॉक्स बदलला की गेलं. यूट्यूबवर बरंच काही सापडतं हे मान्य. पण सांगलीत आमच्या भागात संध्याकाळी नेट रडतं, आणि आज्जीला शोधाशोध न करता समोर लागलेलं हवं असतं.

सुरुवातीला ५५० रुपयांची एव्ही कॅप्चर डोंगल घेतली. सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी तिच्यात खुपसायच्या आणि डोंगल यूएसबीला लावायची. चित्र आलं, पण तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी शेवटी ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. शिवाय चॅनेल बॉक्सवरच बदलायला लागतो, म्हणजे मी ऑफिसात असताना बॉक्सवर सह्याद्री लावून ठेवायला कुणीतरी घरात हवंच. दोन आठवड्यांत ती डोंगल काढून ठेवली. कुणी स्वस्त म्हणून सुचवली तरी रेकॉर्डिंगसाठी ती घेऊ नका, असं मी कळकळीने सांगेन.

डोंगल बॉक्समधून बाहेर आलेलं चित्र नव्याने टिपते, त्यामुळे दर्जा घसरतो आणि प्रोसेसरही दमतो. डीव्हीबी-एस२, म्हणजे थेट डिशचा सिग्नल घेणाऱ्या ट्यूनरचं काम निराळं आहे. उपग्रहावरून आलेला डिजिटल प्रवाह तो जसाच्या तसा डिस्कवर उतरवतो. आमचा दुसऱ्या पिढीचा आय-३ आणि ४ जीबी रॅम एवढ्यावर हे आरामात चालतं, कारण प्रोसेसरला जवळपास कामच नसतं. मात्र हे फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेवर जमतं, कारण तिथले एमपेग-२ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) चॅनेल खुले आहेत. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचे चॅनेल एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतात, ते असल्या ट्यूनरवर उघडत नाहीत. घेण्याआधी हे नीट समजून घ्या.

खर्च असा झाला: वापरलेला यूएसबी ट्यूनर २,४०० रुपये, डिश, एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग), पंधरा मीटर केबल आणि बसवणावळ मिळून १,३५०. ट्यूनरसोबत त्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर आहे ना, हे बघूनच घ्या. एलएनबीला वीज ट्यूनरमधूनच जाते आणि एकट्या यूएसबीला ते झेपत नाही. एलएनबी मी मुद्दाम दोन तोंडांचा घेतला. एक केबल टीव्हीच्या बॉक्सला, एक ट्यूनरला, म्हणजे कुणाचं कुणात अडकत नाही.

डिश बसवताना अर्धा दिवस गेला. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. सांगलीतून तो आग्नेयेला, साधारण ६० अंश वर दिसतो. पण या डिश ऑफसेट असतात, म्हणजे एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे डिशचं तोंड आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच खाली दिसतं. मी आधी कोन मोजून ती आकाशाकडे उताणी केली आणि काहीच मिळेना. शेवटी डिशवाले काका आले. त्यांनी शेजारच्या गच्चीवरची डिश बघितली, आमची तशीच वळवली आणि मला म्हणाले, "ताई, आता आकडा बोला." मी खाली कॉम्प्युटरसमोर, ते वर, दोघांच्या कानाला फोन. स्क्रीनवरचा सिग्नलचा आकडा सात, नऊ, परत आठ, अकरा, तेरा. तेराला त्यांनी नट आवळला. स्वच्छ हवेत आजही सिग्नल बारा-तेरा डेसिबलच्या आसपास असतो.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टीव्हीहेडएंड, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर. फुकट आहे आणि ब्राउझरमधून ९९८१ पोर्टवर उघडतं, त्यामुळे ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरसुद्धा टायमर लावता येतो (त्यासाठी घरचं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट, आधी करून ठेवलं होतं). एलएनबी युनिव्हर्सल प्रकारचा, म्हणजे ९७५०/१०६०० मेगाहर्ट्झचा, एवढं सांगून स्कॅन केला की चॅनेल येतात. कार्यक्रमपत्रिकेवर विसंबू नका. ती कधी अर्धवट असते, कधी नसतेच. मी सरळ घड्याळाप्रमाणे लावते, ६:५५ ते ७:३५. दोन्ही बाजूंना थोडी सूट ठेवली नाही तर ठळक बातम्या हमखास कापल्या जातात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एकाच ट्रान्सपाँडरवरचे (उपग्रहावरून एकत्र येणाऱ्या एका गटातले) चॅनेल एकाच ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड होतात. प्रवाह एकच, त्यातून हवे ते चॅनेल वेगळे काढायचे. दुसऱ्या ट्रान्सपाँडरवरचा चॅनेल मात्र तेव्हा मिळत नाही. तासाला साधारण सव्वा जीबी जागा लागते. बातम्या सात दिवसांनी आपोआप पुसल्या जातात, बाकीचं जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर राहतं. बघताना हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसल्या तर घाबरू नका. प्रसारण इंटरलेस्ड असतं, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळी पाठवल्या जातात; व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू केलं की त्या रेषा जातात.

विजेचं गणित मी आधी केलंच नव्हतं. डेस्कटॉप नुसता चालू ठेवला तरी पन्नासेक वॅट खातो, म्हणजे महिन्याला ३५-३६ युनिट. बिल बघून बाबांनी विचारलं तेव्हा लक्षात आलं. मग रेकॉर्डिंगच्या पाच मिनिटं आधी कॉम्प्युटर आपणहून उठेल आणि संपल्यावर झोपेल अशी सोय केली. तर झोपेतून उठला की ट्यूनर सापडायचाच नाही, आणि तीन दिवसांच्या बातम्या गेल्या. आता सस्पेंड करत नाही, पूर्ण बंद करते आणि वेळेला कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाकडून सुरू करवते. त्यानंतर एकदाही चुकलेलं नाही.

एप्रिलमध्ये पुन्हा स्कॅन करायला विसरू नका. फ्री डिशवरच्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते आणि १ एप्रिलच्या सुमारास खाजगी चॅनेल येतात, जातात, इकडचे तिकडे होतात.

आणि पाऊस. डिशचा सिग्नल ज्या केयू बँडवर येतो, त्या लहरींना जोराचा पाऊस सोसत नाही. मे महिन्यात वळिवाने पहिला दणका दिला तो वेगळाच. एलएनबीच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं आणि आकडा आठवर आला. कनेक्टर बदलून रबरी टेप गुंडाळली आणि केबलला खाली वळसा दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं. हे मात्र पहिल्याच दिवशी करून घ्या.

आषाढीला पंढरपूरची शासकीय महापूजा सह्याद्रीवर थेट असते, मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास. दरवर्षी आज्जी गजर लावून उठायची आणि दिवसभर अंगदुखी काढायची. या वर्षी मी तिला सांगितलं, झोप निवांत, सकाळी दाखवते. रात्री पावसाचा आवाज ऐकून मलाच जाग आली. कॉम्प्युटरवर आकडा सहाच्या खाली गेला होता आणि चित्राचे चौकोन पडत होते. मी नुसती बसून राहिले, करण्यासारखं काही नव्हतं. सर ओसरली तसा आकडा वर आला. सकाळी साडेसातला अंघोळ करून आज्जी टीव्हीसमोर बसली. अभिषेकातली चारेक मिनिटं तुटली होती, तिथे चित्र थांबलं तरी तिने हात जोडलेलेच ठेवले. मग म्हणाली, "अगं, आरती परत लाव की." ती तिने तीनदा बघितली. ती फाइल पुसायची नाही म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे.

पुढच्या आषाढीआधी ९० सेंटीमीटरची डिश बसवायची आहे. मोठ्या डिशला पावसात थोडी जास्त तग असते. काकांकडे दर विचारून ठेवला आहे, दिवाळीच्या बोनसमध्ये होईल.