पाण्यातून रोजचं अँटिबायोटिक की स्वच्छ पाणी?

नवापूरपासून जळगावपर्यंत कोंबड्यांच्या शेडवर हा प्रश्न येतोच. पिल्लं उतरली की पाच दिवस 'बचावाचा डोस' टाकायचा, ही जुनी सवय. सोपी वाटते, पण हिशोब चुकतो: आजारी पक्षी पाणी कमी पितो, म्हणजे ज्याला औषध हवं त्यालाच अपुरं मिळतं. त्या अर्धवट मात्रेत चिवट ई. कोलाय आणि साल्मोनेला हे जिवाणू तगतात, आणि औषधाला दाद न देण्याची जनुकं प्लाझ्मिडवरून (जिवाणूतला डीएनएचा छोटा सुटा तुकडा) शेजारच्या जिवाणूला देतात. मे महिन्यात उलटं होतं. पाणी जवळपास दुप्पट प्यायलं जातं, लिटरवर मोजलेला डोसही दुप्पट. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम ऑक्सिटेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकला बांधून ठेवतं, पैसे वाया. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर कोंबड्यांसाठी 2019 पासून बंदच आहे.

दुसरा मार्ग, म्हणजे स्वच्छ पाणी, कटकटीचा, पण आम्ही तोच सांगू. 1000 लिटरला ताजी ब्लीचिंग पावडर साधारण 10 ग्रॅम; पाइपलाइनच्या शेवटच्या निपलवर (पक्षी चोचीने पाणी पितो ती तोटी) क्लोरीन 2-3 पीपीएम, म्हणजे लिटरला 2-3 मिलिग्रॅम, भरलं पाहिजे. टाकीवर मोजून उपयोग नाही. पाण्यातून लस देण्याआधी 24 तास क्लोरीन बंद, नाहीतर लस मरते. शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस कोरडं ठेवा. तरीही मर वाढली, तर आधी नमुना प्रयोगशाळेत, मग पशुवैद्य सांगतील तेवढंच औषध, आणि औषध बंद केल्यावर विक्रीआधी थांबायचे दिवस पूर्ण.