एएमटीचा क्लच बदलून आठ महिने झाले: धक्क्यांचा हिशोब

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, आमच्या 2017 सालच्या एएमटी (क्लचचं पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) हॅचबॅकचा क्लच सेट बदलला. क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा-सोडवणारा भाग. तेव्हा मीटरवर 76,400 किमी होते, आज 87,900 आहेत. मधल्या आठ महिन्यांत गाडीने आधी पाच आठवडे छळलं, मग सुधारली, आणि आता बऱ्यापैकी सुखाने चालते आहे. गाडीचं आणि वर्कशॉपचं नाव देत नाही. भांडण मिटलंय, आणि मुद्दा कुठल्याही एएमटीला लागू आहे.

क्लच गेल्याची लक्षणं नेहमीचीच होती. वाघबीळवरून पन्हाळ्याकडे वळलं की चढाला इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी मात्र आपल्याच चालीने. वर्कशॉपने क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट बदलला. मजुरी धरून बिल 19,600 झालं. संध्याकाळी गाडी ताब्यात घेतली. कावळा नाक्याच्या सिग्नलला पहिल्यातून दुसरा गिअर पडताना असा दणका बसला की मागच्या सीटवरची आई म्हणाली, "कुणी धडकलं काय रे मागनं?"

क्लचचं घसरणं थांबलं होतं, हे खरं. पण पहिला-दुसरा बदलताना दणका, गर्दीत मुंगीच्या चालीने सरकताना थरथर, आणि रिव्हर्स टाकल्यावर आधी काहीच नाही, मग एकदम उडी. तिसऱ्याच्या पुढे सगळं ठीक. वर्कशॉपला फोन केला तर ठरलेलं उत्तर मिळालं: "नवीन क्लच आहे सर, पाचशे किलोमीटर चालवा, सेट होईल."

हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घातक आहे. नवीन प्लेटचा पृष्ठभाग बसायला थोडं अंतर लागतं, आणि गाडीचा कॉम्प्युटरही रोजच्या चालवण्यातून थोडंफार जुळवून घेतो. पण तो जुळवून घेणार ते ठरावीक मर्यादेत. पाचशेचे आठशे झाले, दणका तसाच. उलट मीच बिघडलो. दुसरा पडायच्या क्षणी आपोआप मान ताठ करून बसायची सवय लागली.

इथे एएमटी आतून कशी चालते ते थोडं सांगतो, कारण मला स्वतःला हे कळायला पाच आठवडे आणि दोन नको ते खर्च लागले. बऱ्याच जणांना 'ऑटोमॅटिक' म्हटलं की सगळ्या गाड्या सारख्याच वाटतात. एएमटीत गिअरबॉक्स साधाच असतो, मॅन्युअल गाडीतला. क्लचही साधाच. फक्त आपल्या डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम एक कॉम्प्युटर करतो. आमच्या गाडीत तो ते तेलाच्या दाबावर करून घेतो. विजेवर चालणारा छोटा पंप तेल दाबात ठेवतो आणि तो दाब क्लच ओढतो, गिअर सरकवतो. ही कल्पना मूळची गरिबांची नव्हे बरं का. फेरारीने 1997 साली आपल्या 355 मध्ये याच जातीचा गिअरबॉक्स दिला होता. आपल्याकडे 2014 च्या मारुती सेलेरिओपासून ती स्वस्त गाड्यांत रुळली आणि कोल्हापूरच्या रिंगरोडवर मिरवू लागली.

तर आपण मॅन्युअल गाडी चालवताना क्लच कुठे 'पकडतो' हे पायाला माहीत असतं. दुसऱ्याची गाडी घेतली की पहिले दोन सिग्नल गाडी बंद पडते, कारण तिची पकड वेगळ्या जागी असते. एएमटीच्या कॉम्प्युटरचंही तसंच. पकड कुठे सुरू होते ती जागा त्याच्या स्मरणात नोंदलेली असते. झिजलेल्या प्लेटबरोबर ती जागा हळूहळू सरकते आणि कॉम्प्युटर तिच्या मागे मागे जातो. नवी जाड प्लेट घातली की जागा एका फटक्यात बदलते. कॉम्प्युटर मात्र जुन्या जागेची वाट बघत क्लच सोडत राहतो. परिणाम, दणका. म्हणून क्लच बदलल्यावर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र) लावून ही जागा नव्याने शिकवावी लागते. माझ्या गाडीत नट-बोल्टचं काम झालं होतं, शिकवणी राहिली होती.

हे कळेपर्यंत काय काय केलं ते ऐका. दुसऱ्या फेरीत वर्कशॉपने सांगितलं, "गिअरबॉक्सचं माउंटिंग गेलंय." म्हणजे गिअरबॉक्सला धरून ठेवणारा रबरी आधार. 3,200 रुपये. रिव्हर्सची उडी थोडी कमी झाली, बाकी जैसे थे. मग एका मित्राच्या सल्ल्याने बॅटरीचं टर्मिनल काढून रात्रभर ठेवलं, 'रीसेट' होतं म्हणून. सकाळी घड्याळ बाराला आणि रेडिओची स्टेशनं गायब, एवढंच रीसेट झालं. ही युक्ती बाकी काही गाड्यांत चालतही असेल, माझ्या गाडीचं स्मरण तिने तसूभर हललं नाही. मग आठशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी डोंगल घेतला, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर माहिती दाखवणारा छोटा खटका. तो इंजिनचे कोड आणि बॅटरीचा व्होल्टेज दाखवतो, पण गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी त्याला बोलताच येत नाही. गिअरबॉक्ससाठी घेत असाल तर पैसे वाचवा.

शेवटी उद्यमनगरात एका मिस्त्रीमामांकडे गेलो. आयुष्य फोर्ड-फियाट-जीपमध्ये गेलेला माणूस, पण हल्ली मुलाने स्कॅनर घेतलाय. मामांनी गाडी चालवली नाही की बॉनेट उघडलं नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं आणि कान दिला. आतून 'घुंईंईं' असा आवाज आला आणि दोन-तीन सेकंदांत थांबला. दार उघडलं की पंप तेल दाबात आणून ठेवतो, तोच तो आवाज. रोज ऐकत होतो, कधी विचार केला नव्हता. मामा म्हणाले, "पंप गप झाला वेळेत. दाब धरतोय." म्हणजे तेलाची गळती किंवा पंपाचं दुखणं नसावं. तो आवाज लांबला किंवा उभ्या गाडीत दर थोड्या वेळाने परत परत येऊ लागला, तर मात्र वेगळी चौकशी करावी लागते.

मग बॅटरी. बंद गाडीत मीटरवर 12.5 व्होल्ट आले, ठीक. सेल मारताना 10 च्या खाली गेलं नाही, तेही ठीक. पण गिअरबॉक्सवरची अर्थची (वीज बॅटरीकडे परत नेणारी) जाड पट्टी मामांनी बोटांनी हलवली तर ती चक्क हलली. गिअरबॉक्स उतरवताना सोडलेला बोल्ट परत नीट आवळलाच नव्हता. पंप आणि सगळे सेन्सर विजेवर जगतात, त्यात ढिली अर्थ म्हणजे नको तेव्हा नको तो गोंधळ. 13 चा पाना, अर्ध्या मिनिटाचं काम.

त्यानंतर मुलाने स्कॅनर लावला. इंजिन गरम करून घेतलं, एसी बंद, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला वीट. पडद्यावरून आदेश दिला तसा क्लच आपला आपण अगदी सावकाश सुटू लागला. पकड सुरू झाली की गिअरबॉक्समधला आत येणारा शाफ्ट फिरायला लागतो. तो फिरला की कॉम्प्युटर म्हणतो, हीच जागा, आणि नोंदवून घेतो. हे दोन-तीनदा झालं. पडद्यावरचा जुना आकडा आणि नवा आकडा यांत डोळ्यांना दिसेल एवढा फरक होता. त्याचा फोटो मी मोबाइलमध्ये ठेवलाय. मामा तोंडातल्या पानासकट म्हणाले, "नवी चप्पल घातलीसा, पन पायाला सांगितलंच न्हाई कुनी."

सगळे मिळून 900 रुपये.

परतताना कावळा नाक्याला पहिल्यातून दुसरा पडला तेव्हा मान ताठ करून बसलो होतो. काही झालं नाही. थोडीशी मान डुलली, बस. पुढच्या दीडशे-दोनशे किलोमीटरमध्ये तेही अजून मऊ झालं, म्हणजे 'चालवा, सेट होईल' हे शिकवणीनंतर खरं ठरलं.

आता इतक्या महिन्यांनी कसं आहे? गणपतीला देवरूखला, सासरवाडीला गेलो. मलकापूर सोडलं की आंबा घाट, भर पावसात, पुढे दूधवाला टेम्पो. चढाला ऑटोमध्ये ठेवलं तर गाडी दुसरा-तिसरा-दुसरा असा लपंडाव खेळते, म्हणून मॅन्युअल मोडला टाकून दुसऱ्यात बांधून ठेवली. साखरप्याकडे उतरतानाही तसंच, ब्रेकवर भार कमी. थरथर कुठेच नाही. सरासरी शहरात 15 च्या आसपास, आधी होती तेवढीच.

तक्रारी आहेतच. एक्सलेटर अर्धवट दाबून सावकाश निघालं की पहिला-दुसरा अजून डुलतो. ती एएमटीची जात आहे, क्लचचा दोष नाही. त्या क्षणी पाय जरा हलका केला की लोण्यासारखं जातं. चढावर ब्रेक सोडला की गाडी किंचित मागे येते, त्यामुळे गंगावेशीच्या गर्दीत मी अजूनही हँडब्रेक वापरतो. चढावर एक्सलेटरवर गाडी तोलून धरायची माझी जुनी सवय मात्र सोडली. पहिला क्लच त्यानेच खाल्ला असावा. लांब सिग्नलला न्यूट्रल. बायको म्हणते, मग ऑटोमॅटिक घेतली कशाला. उत्तर नाही माझ्याकडे.

एक सावधगिरी. हे सगळं एएमटीचं आहे. माझ्या मेहुण्याकडे टॉर्क कन्व्हर्टरवाली एसयूव्ही आहे, म्हणजे जिच्यात अशा क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा कन्व्हर्टर असतो. तिचा रेडिएटर बदलल्यावर गिअर उशिरा आणि जोरात पडू लागले, तेव्हा तो माझं ऐकून शिकवणीच्या मागे लागला. निघालं काय, तर गिअरबॉक्सचं तेल कमी. गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरमधूनच जाते, काम करताना तेल सांडलं आणि भरताना इंजिन बंद ठेवून पातळी बघितली. इंजिन चालू असलं की बरंच तेल कन्व्हर्टरमध्ये खेचलं जातं. बंद इंजिनला तळाची पातळी फसवी, जास्त दिसते. त्याच्या गाडीला डिपस्टिकही (तेलाची पातळी बघायची पट्टी) नाही. कंपनीने दिलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून, खालचा प्लग उघडून पातळी धरावी लागते. ती धरली, गाडी सुधारली. सीव्हीटीवाल्यांनी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) तर तेलाचा नंबर पुस्तकात बघितल्याशिवाय कुणाला डबा उघडूच देऊ नये.

वर्कशॉपकडे नंतर एकदा गेलो होतो, फोटो घेऊन. सुपरवायझरने जॉब कार्ड काढलं. त्यात 'क्लच लर्निंग' या ओळीपुढे बरोबरची खूण होती. मी ती खूण आणि मोबाइलवरचे दोन आकडे शेजारी शेजारी धरले. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "त्या दिवशी स्कॅनर दुसऱ्या सर्व्हिस-बेवर होता सर." माउंटिंगचे 3,200 पुढच्या सर्व्हिसच्या बिलातून वळते झाले. तेवढ्यावर मी चहा घेतला आणि निघालो.