अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटी जेलची कैदी-यादी: काय सापडतं, काय नाही

हा माणूस आत्ता आत आहे का, एवढंच विचारायचं असेल तर ग्रामीण काउंटीच्या (काउंटी म्हणजे राज्यातला आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) शेरीफ, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयाची ऑनलाइन कैदी-यादी, म्हणजे रोस्टर, पाचपैकी चार गुणांची सेवा आहे. फुकट असते, बहुतेक ठिकाणी लॉगिन लागत नाही, नाव टाकलं की उत्तर. पण खटला कुठवर आला, मागे कधी अटक झाली होती का, हे विचारलंत तर जेमतेम दीड गुण. त्या कामासाठी ती बनवलेलीच नाही, आणि लोक वैतागतात ते नेमके इथेच.

आधी जेल बरोबर आहे ना ते बघा. काउंटी जेलमध्ये कच्चे कैदी असतात, शिवाय साधारण वर्षभरापर्यंतची शिक्षा झालेले. मोठी शिक्षा झालेला माणूस राज्याच्या तुरुंग विभागाच्या यादीत सापडेल. संघीय, म्हणजे केंद्र सरकारच्या, कैद्यांसाठी ब्युरो ऑफ प्रिझन्स या केंद्रीय तुरुंग खात्याचा शोध आहे, त्यात १९८२ पासूनच्या नोंदी मिळतात. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, डेलावेअर, व्हरमाँट आणि हवाई इथे जेलही राज्यच चालवतं, त्यामुळे काउंटीची यादी शोधण्यात अर्थ नाही. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात. महामार्गावर अटक झाली असेल तर जिथे गाडी अडवली ती काउंटी धरायची. घरच्या पत्त्याची नाही. आणि राज्याचं नाव जोडल्याशिवाय शोधूच नका: वॉशिंग्टन नावाची काउंटी तीसेक राज्यांत आहे.

यादीत सहसा नाव, वय, फोटो, बुकिंग क्रमांक, आत घेतल्याची तारीख-वेळ, आरोप आणि जामिनाची रक्कम असते. बुकिंग क्रमांक, म्हणजे जेलमध्ये नोंद करताना दिलेला क्रमांक, आधी लिहून घ्या, पुढचं प्रत्येक काम त्याने सोपं होतं. अटक झाल्या झाल्या नाव दिसत नाही. झडती, बोटांचे ठसे, फोटो, संगणकावर नोंद, एवढं सगळं झाल्यावर ते चढतं. छोट्या जेलमध्ये रात्रपाळीला मोजकी माणसं असतात, त्यामुळे काही तास सहज जातात. काही काउंट्या तर सतत ताजी होणारी, नाव टाकून शोधता येणारी यादी देतच नाहीत. दिवसातून एकदा पीडीएफ चढवतात. पानाच्या वर-खाली यादी शेवटची कधी बदलली ती वेळ दिलेली असते, ती न वाचता 'नाव नाही म्हणजे सुटला' असं ठरवणं ही सगळ्यात मोठी चूक.

मराठी नावांची तर तिथे पुरती वाट लागते. मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कधी आडनावाच्या रकान्यात जातं, कधी पहिल्या नावाला चिकटतं. पासपोर्टवर एकच नाव असेल तर अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (FNU, 'फर्स्ट नेम अननोन', पहिलं नाव माहीत नाही) छापलेलं असतं, आणि तेच यादीत उतरतं. म्हणून पूर्ण नाव टाकण्याऐवजी आडनावाची पहिली तीन अक्षरं टाका. जमलं नाही तर मधल्या नावाची टाका. तेही नाही तर अटकेच्या तारखेने लावून सगळी यादी चाळा. ग्रामीण जेलच्या यादीला एवढी नावं नसतात, चाळून होते.

जामिनाचा रकाना नीट वाचा. 'कॅश' म्हणजे पूर्ण रक्कम भरायची. 'शुअरटी' म्हणजे व्यावसायिक जामीनदारामार्फत. त्याची फी बहुधा दहा टक्के, म्हणजे १०,००० डॉलरच्या जामिनाला १,००० डॉलर, आणि ते परत मिळत नाहीत. 'पीआर' म्हणजे वैयक्तिक हमीवर सुटका. इलिनॉय, केंटकी, ऑरेगन आणि विस्कॉन्सिनमध्ये व्यावसायिक जामीनदार नाहीतच. इलिनॉयने तर सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीनच बंद केला. 'होल्ड' हा शब्द दिसला तर आधी पैसे भरू नका. दुसऱ्या काउंटीचं वॉरंट, पॅरोलचा भंग किंवा इमिग्रेशनचा डिटेनर, म्हणजे 'याला सोडू नका, आमच्या ताब्यात द्या' अशी विनंती, असू शकतो, आणि जामीन भरूनही माणूस बाहेर येत नाही. होल्ड कोणाचा, हे फोन करून विचारलं की बहुधा सांगतात.

आता यादीत मुळातच न दिसणारे लोक. अल्पवयीनांची नोंद साधारणपणे सार्वजनिक नसते. जागा भरली की ग्रामीण जेल आपले कैदी कराराने शेजारच्या काउंटीत पाठवतं, आणि नाव कधी इकडे, कधी तिकडे, कधी दोन्हीकडे नसतं. उलट अनेक ग्रामीण जेल यूएस मार्शल्स (संघीय कोर्टांचे कैदी सांभाळणारं खातं) आणि आयसीई (इमिग्रेशनची अटक करणारं संघीय खातं) यांना खाटा भाड्याने देतात. आयसीईच्या ताब्यातल्या माणसाची माहिती स्थानिक जेलने देऊ नये असा संघीय नियमच आहे, ८ सीएफआर २३६.६ (सीएफआर म्हणजे संघीय नियमांची संहिता). त्यामुळे तिथला कर्मचारी 'सांगता येत नाही' म्हणाला तर तो टाळाटाळ करत नाही. अशा वेळी आयसीईचा स्वतःचा ऑनलाइन शोध वापरा. ए-क्रमांक, म्हणजे इमिग्रेशन खात्याने परदेशी माणसाला दिलेला क्रमांक, नऊ आकडी लागतो, आठच आकडे असतील तर सुरुवातीला शून्य लावायचं, आणि जन्मदेश निवडायचा. नावाने शोधायचं तर स्पेलिंग तंतोतंत जुळावं लागतं. अठरा वर्षांखालच्यांची माहिती त्यात नाही.

भारतीय नागरिकाला अटक झाल्यावर दूतावासाला आपोआप कळतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. दूतावासांच्या कामकाजाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाखाली पोलिसांनी अटक झालेल्याला त्याचा हा हक्क सांगायचा असतो, आणि त्याने मागणी केली तर दूतावासाला कळवायचं. न विचारता कळवणं बंधनकारक असलेल्या देशांच्या अमेरिकी यादीत भारत नाही. तेव्हा वकिलामार्फत किंवा पहिल्या फोनवरच त्याला 'कॉन्सुलेटला कळवा' असं स्पष्ट म्हणायला सांगा.

यादीच्या जोडीला व्हाइन (VINE) ही कैद्याची खबर देणारी सेवा अवश्य घ्या. केंटकीतल्या लुइव्हिलमध्ये एका तरुणीचा, तिच्यावर अत्याचार केलेला आरोपी सुटल्याचं तिला कोणी न कळवल्यामुळे खून झाला. त्यानंतर १९९४ मध्ये ही सुरू झाली. कैदी सुटला किंवा हलवला की फोन, मेसेज किंवा ईमेल येतो, फुकट. फोनचा पर्याय घेतलात तर चार आकडी पिन टाकेपर्यंत फोन पुन्हा पुन्हा वाजतो, म्हणून ऑफिसच्या बोर्डाचा नंबर देऊ नका. सगळ्या काउंट्या तिला जोडलेल्या नाहीत, ही उणीव आहेच.

जुन्या नोंदी हव्यात तर कोर्टाच्या क्लार्ककडे, म्हणजे कोर्टाच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, वळा. यादीत आरोप असतो, निकाल नसतो, आणि सुटल्यावर नाव बऱ्याच ठिकाणी एक-दोन दिवसांत उडतं. मिसूरी, विस्कॉन्सिन, ओक्लाहोमा यांच्या कोर्ट-नोंदी ऑनलाइन फुकट बघता येतात. संघीय खटल्यांसाठी पेसर (PACER) ही संघीय कोर्टांची ऑनलाइन नोंद-सेवा आहे: पानाला दहा सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त तीन डॉलर, तिमाहीत तीस डॉलर किंवा कमी झाले तर माफ.

जेलकडूनच बुकिंगचा कागद हवा असेल तर लेखी अर्ज करा. संघीय माहिती कायदा इथे लागू नाही, राज्याचा कायदा लागतो. व्हर्जिनिया आणि टेनेसी बाहेरच्या राज्यातल्या माणसाचा अर्ज नाकारू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये व्हर्जिनियाची ही अट मान्य केली. अर्जात पूर्ण नाव, जन्मतारीख, बुकिंग क्रमांक आणि तारखांची मर्यादा द्या. 'सगळ्या नोंदी' मागितल्या की फी वाढते आणि कागद लांबतो. वैद्यकीय कागद या मार्गाने मिळत नाहीत.

पैसे मागणाऱ्या खासगी 'इनमेट सर्च' साइट्सना शून्य गुण. त्या याच सार्वजनिक याद्या उचलतात आणि माणूस सुटल्यावरही फोटो तसाच ठेवतात. काहींनी तो काढायचे पैसे मागायचा धंदाच केला. कॅलिफोर्निया, जॉर्जियासारख्या राज्यांनी त्यावर कायद्याने बंदी घातली आहे. सरकारी पान ओळखायचं तर शेरीफ कार्यालयाच्या किंवा काउंटीच्या मुख्य संकेतस्थळावरून दुवा धरून जा. यादीत नाव चढलं की भामटेही ते वाचतात: डेप्युटी (शेरीफच्या हाताखालचा पोलीस) किंवा जामीनदार असल्याचं सांगून घरच्यांना फोन येतो आणि गिफ्ट कार्डावर पैसे मागतात. कुठलंही जेल गिफ्ट कार्डावर जामीन घेत नाही. फोन ठेवा, संकेतस्थळावरचा बिगर-आणीबाणी नंबर स्वतः लावा आणि बुकिंग क्रमांक सांगून रक्कम विचारा. ९११ हा आणीबाणीचा नंबर आहे, त्याला लावू नका. ग्रामीण भागात दोन्ही फोन बऱ्याचदा एकाच डिस्पॅचरकडे, म्हणजे फोन घेऊन पोलीस पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, वाजतात.