पाव वाहणारी व्हॅन आता आमचं घर: कोकणात दहा महिने राहून

गेल्या वर्षी दसरा झाल्या झाल्या आम्ही दोघं गाडीत राहायला लागलो. आता श्रावण चालू आहे, म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा, थंडी, आंब्याचा सीझन आणि बहुतेक सगळा पावसाळा गाडीने बघितला. गाडीचं काम पूर्ण झालं तेव्हाच लिहिणार होतो पण तेव्हा सगळंच छान वाटत असतं, नव्या प्लायचा वास येत असतो, म्हणून मुद्दाम थांबलो. कोकणात कुठलीही वस्तू जून काढल्याशिवाय चांगली म्हणता येत नाही.

गाडी फोर्सची ट्रॅव्हलर डिलिव्हरी व्हॅन, सेकंड हँड, आधी बेकरीचा पाव वाहायची. सव्वापाच लाखाला मिळाली आणि आतलं काम पावणेसहा लाखाचं झालं. घ्यायचं मुख्य कारण एकच, आत ताठ उभं राहता येतं. अमेरिकेत लोक ह्याच कारणासाठी जुन्या स्टेप व्हॅन घेतात, त्या पण कुरिअरच्या आणि पावाच्याच गाड्या, चौकोनी डबा, भिंती उभ्या सरळ, त्यामुळे कपाट थेट भिंतीला लागतं, आणि बऱ्याच गाड्यांची बॉडी अॅल्युमिनियमची असते. मी त्यांचेच व्हिडिओ बघून सुरुवात केली. आपल्या गाडीत दोन्ही गोष्टी वेगळ्या. भिंती वर जाताना आत कलतात म्हणून प्रत्येक कपाटाच्या मागच्या बाजूला आधी पुठ्ठ्याचा साचा कापावा लागला, त्यातच सुताराचे आठ दिवस गेले. आणि पत्रा लोखंडी. समुद्राजवळ लोखंडी पत्रा म्हणजे काय हे ज्याच्या घराच्या खिडकीला लोखंडी गज आहेत त्याला सांगायला नको.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, त्याप्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यात मनाने बदल करता येत नाही, आरटीओची परवानगी लागते, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहायच्या गाडीसाठी, एआयएस १२४ म्हणून वेगळं स्टँडर्ड आहे. माल वाहायची गाडी घेऊन आत पलंग टाकला आणि निघालो असं करू नका, अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच बघणार. आधी आरटीओत जाऊन विचारा, मग सुतार बोलवा.

आता मुख्य विषय, पाणी. मी ह्या गाडीसाठी सगळ्यात जास्त डोकं उन्हावर लावलं आणि सगळ्यात जास्त त्रास पाण्याने दिला.

नोव्हेंबरात मालवणला होतो, किनाऱ्यावर एक काका फायबरच्या होडीचं काम करत होते. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, दाराच्या खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पाणी आत येतलाच रे झिला, भायर जाऊक वाट ठेव." मी हो म्हटलं. माझ्या डोक्यात तेव्हा होतं की सगळं सिलिकॉनने बंद केलंय, पाणी येईलच कुठून.

जूनचा दुसरा आठवडा, गुहागरहून येताना ब्रेक मारला की उजव्या बाजूने खळखळ असा आवाज यायला लागला. पाण्याची टाकी डाव्या बाजूला आहे, म्हणजे टाकी नाही. ही म्हणाली बादली असेल, बादली काढून बाहेर ठेवली तरी आवाज तोच. रत्नागिरीच्या घरी आल्यावर मागच्या चाकाच्या वरचं पॅनेल उघडलं. पहिल्या स्क्रूच्या डोक्याखालून प्लायवर तपकिरी ओघळ आला होता, बोटभर लांब, आणि दुसरा स्क्रू फिरवला तर डोकंच हातात आलं. पॅनेल बाजूला केलं तर पिवळा पीयू फोम, जो कामवाल्याने उष्णता अडवायला स्प्रेने भरला होता, आणि तो दाबला की स्पंजसारखं पाणी. खालच्या पट्टीत कंपनीने पाणी जायला भोकं दिलेली असतात, ती सगळी ह्या फोमने बुजलेली. एका भोकात स्क्रू ड्रायव्हर घातला तर काळ्या चहासारखं पाणी धार लागून खाली आलं, कितीतरी वेळ थांबेना. आठ महिन्यांत पत्र्याला पोपडे आले होते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण गाडी वरून चकाचक दिसत होती.

ते पाणी फक्त पावसाचं नव्हतं हे पण लक्षात घ्या. दोन माणसं रात्री दारं लावून झोपली की श्वासातून, घामातूनच अर्धा लिटरच्या पुढे वाफ हवेत जाते. पहाटे पत्रा गार होतो, वाफ पत्र्यावर धरते, थेंब होऊन भिंतीच्या आत खाली उतरतो. जानेवारीत मला काचेवर दव दिसायचं ते मी फडक्याने पुसायचो आणि विसरायचो, पण जे काचेवर होतं तेच लाकडाच्या मागे पत्र्यावर पण होत होतं, तिथे पुसायला कोण जाणार.

मग पावसाळ्यातच, दोन आठवडे गाडी आमच्या रत्नागिरीच्या घरी शेडमध्ये लावून, उजवी बाजू पूर्ण काढली. फोम पटाशीने खरवडला (हे काम अतिशय किचकट आहे), वायर ब्रश, गंज मारायचं फॉस्फोरिक अॅसिडवालं लिक्विड, झिंक प्रायमर, दोन हात पेंट, आणि पोकळ भागात आत नळी घालून मेणाचा स्प्रे. इन्सुलेशनला ह्या वेळेला नायट्राइल रबरची काळी शीट, एसीच्या पाइपला असते तीच, पत्र्याला पूर्ण चिकटवून, मध्ये हवा राहणार नाही अशी. ती पाणी पीत नाही. ग्लासवूल, रॉकवूल कोकणातल्या गाडीत घालूच नका, एकदा ओलं झालं की वाळत नाही. आणि खाली एक इंच जागा मोकळी सोडली, भोकं सगळी उघडी, दर पंधरा दिवसांनी त्यात वायर फिरवतो. काकांचं म्हणणं शेवटी असं अमलात आलं. सगळे स्क्रू स्टेनलेसचे, बाहेरचे ३१६ ग्रेडचे, आतले ३०४. ३१६ महाग आहे पण मिठाच्या हवेत टिकतो.

लाकडाचं म्हणाल तर मरीन प्लाय, आयएस ७१० वाला, तो उत्तम राहिला, फक्त कापलेल्या कडांना पॉलिश किंवा एपॉक्सी लावा, पाणी कडेतूनच शिरतं. एक कपाट पैसे वाचवायला एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) केलं होतं, त्याचं दार जुलैत इतकं फुगलं की उघडेना. गादीचं पण तेच, पहिले सात महिने अख्ख्या फळीवर होती आणि मेमध्ये उचलली तर खालून काळे ठिपके, बुरशी. आता पट्ट्या मारल्यात, मध्ये दोन दोन बोटं फट, वर काथ्याचा पातळ थर आणि मग गादी. आई म्हणाली आमच्या सुंभाच्या बाजेला हे आधीपासून होतं. खरं आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, जुलैमध्ये ही गाडी पूर्ण कोरडी ठेवता येत नाही. बाहेरचीच हवा ओली असते, पंखा लावून तुम्ही ओली हवाच आत घेता. बाजारात छोटे डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारी मशीन, मिळतात ते दिवसभरात कपभर पाणी काढतात, त्याने काही होत नाही. कंप्रेसरवाला चालतो पण त्याला बाहेरून वीज लागते. आम्ही पावसाळ्यात आठवड्यातून दोन रात्री होमस्टेच्या अंगणात गाडी लावतो, प्लग आणि पाण्याचे दोनशे तीनशे रुपये देतो, रात्रभर मशीन चालवतो, सकाळी त्याचा डबा भरलेला असतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, पण आम्ही फिरलो त्या किनाऱ्यावर वीज, पाणी आणि मैला टाकायची सोय एकत्र असलेली जागा काही सापडली नाही. लोकांची अंगणं मात्र सापडली, आणि निघताना हातात दोन नारळ, कधी कोकमं, असं काहीतरी दिल्याशिवाय कोणी सोडलं नाही.

विजेवर मी एकदम खूश आहे. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट २०० अँपिअर अवर, म्हणजे अडीच युनिट. छतावर ३३० वॅटची दोन पॅनेल, छतापासून दोन इंच वर उचलून लावलीत, त्यामुळे सावली पण पडते आणि छत कमी तापतं, हे न ठरवता मिळालेलं सुख. एप्रिलमध्ये दिवसाला सव्वादोन ते अडीच युनिट यायचे, जुलैत ढग असले की अर्धा युनिट, तेव्हा गाडी चालवूनच चार्ज करावी लागते, त्यासाठी ३० अँपिअरचा डीसी टू डीसी चार्जर आहे. मी ड्रॉइंगची कामं करतो, हिचे ऑनलाइन क्लास असतात, दोन लॅपटॉप, ५० लिटरचा कंप्रेसर फ्रिज आणि दोन पंखे एवढं आरामात चालतं. एसी बॅटरीवर चालवायचा विचार सोडून दिला. मे महिन्यात दुपारी एक ते चार गाडीत बसवत नाही हे मान्य करून एखाद्या देवळाच्या सभामंडपात किंवा पोफळीच्या बागेत बसायचं. नारळाखाली मात्र गाडी लावायची नाही. आरे वारेच्या अलीकडे एकदा झावळी पडली, पॅनेलची फ्रेम वाकली, काच वाचली, झावळीऐवजी नारळ असता तर काच गेली असती.

स्वयंपाक आत फक्त चहा आणि भाताचा. आधी आत गॅसची शेगडी होती, सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. आता शेगडी मागच्या दारात सरकत्या ट्रेवर आणली. कारण बांगडे. एकदा पावसात आत बांगडे तळले तर वास पडद्यांना, गादीला, हिच्या क्लासच्या वह्यांना, चार दिवस जाईना. मागचं दार उघडून उभ्याने तळायचे, वर ताडपत्री, ते फार मजेत होतं.

टॉयलेट कॅसेटवालं, म्हणजे खालची टाकी बाहेर काढून रिकामी करता येते, वीस लिटरची टाकी, दोघांना तीन दिवस. ओळखीच्या घरी किंवा होमस्टेच्या संडासातच रिकामं करायचं, ह्यात तडजोड नाही.

फेरीबोटीबद्दल खास लिहितो कारण कोणी सांगत नाही. दाभोळ धोपावे आणि जयगड तवसाळ ह्या दोन्ही फेऱ्या आम्ही इतक्या वेळा केल्यात की वळसा वाचल्याचं डिझेलच किती झालं असेल. पण ट्रॅव्हलरचं मागचं टोक चाकाच्या बरंच मागे असतं, ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो, आणि माझी सांडपाण्याची टाकी नेमकी मागच्या टोकाला खाली लटकवलेली होती. धोपाव्याला चढताना कर्रर्र झालं आणि व्हॉल्व्ह तुटला. बोटीवरच्या पोरांनी पटकन लाकडाच्या फळ्या चाकाखाली घातल्या, नाहीतर टाकीच गेली असती. आता टाकी दोन्ही चाकांच्या मध्ये आहे, आणि मी भरतीची वेळ बघूनच निघतो.

वजन काट्यावर घालून बघा, भरल्या पाण्यासकट. आरसीवरच्या वजनाच्या आत राहायला मला १८ एमएमचे दोन ओटे काढून १२चे करावे लागले. कुंभार्ली घाटात फरक लगेच कळला, आधी दुसऱ्या गिअरमध्ये रडायची. अॅव्हरेज दहा साडेदहा मिळतं. वाळूत अजिबात घालू नका, मागच्या चाकावर चालणारी जड गाडी जागेवरच रुतते आणि भरती वाट बघत नाही.

डावी बाजू अजून उघडलेली नाही. तिथेही तोच फोम आहे, तीच बुजलेली भोकं असणार, आणि आवाज येत नाही म्हणून आत काही नाही असं मी आता धरत नाही. गणपतीला घरी थांबणार आहोत, विसर्जन झालं की शेडमध्ये लावून ती पॅनेल काढायची. नायट्राइलची शीट आणि स्क्रूचे दोन डबे आणून ठेवलेत.